मोजायचे काय, त्यावर मिती

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याकडे जमिनीची मोजणी आली की सगळे भाऊबंद बांधावर जमतात. भूकरमापक टिपण काढतो, शेजारचे खातेदार येऊन उभे राहतात आणि तोरण्याच्या पायथ्याच्या उतारावर कुणाचे किती गुंठे यावरून आवाज चढतात. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरईची वरकस, त्याहून वर गवत आणि कातळ. हे सगळे सातबाऱ्यावर येते तेव्हा त्याचे हेक्टर आणि आर होतात. पोटखराबा वेगळा लिहितात, आकार (शेतसारा) लिहितात. जमिनीला चढण किती, हे मात्र त्या उताऱ्यावर कुठेच नसते. उताऱ्यावर उतार नाही.

जुन्या साखळीचा गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. मोजणीचा नियम असा की साखळी उतारावर झोपवायची नाही, ती आडवी, पाण्याच्या पातळीत ताणायची. त्यामुळे कागदावरचा गुंठा ही डोंगराच्या अंगाची सपाटीवर पडलेली सावली असते. उतार ३० अंशांचा असेल तर एका गुंठ्याच्या सावलीमागे डोंगराचे अंग सुमारे एक गुंठा अडीच आणे भरते. ४५ अंशांचा असेल तर एक गुंठा साडेसहा आणे.

यात फसवणूक नाही. पाऊस वरून पडतो, भाताचे रोप सरळ उभे राहते, म्हणून पावसाच्या आणि पिकाच्या हिशेबाला ही आडवी जमीन पुरते. बैलाला मात्र डोंगराच्या अंगावरूनच चालावे लागते, आणि कुंपणाची तार अंगावरूनच ओढावी लागते. एकाच वावराला एका कामासाठी दोन मिती पुरतात आणि दुसऱ्या कामासाठी पुरत नाहीत.

विज्ञानावरचे व्याख्यान संपले की हमखास येणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहायचे आहे, म्हणून हा सातबारा समोर ठेवला. प्रश्न असा असतो: एकूण मिती किती? कुणी तीन सांगतो, कुणी चार. पुस्तके वाचलेला दहा किंवा अकरा म्हणतो, आणखी वाचलेला सव्वीस. गणिताचा विद्यार्थी म्हणतो, अनंत. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि एकत्र मोट बांधली की सगळेच निरर्थक होतात. मोजायचे काय आहे ते ठरल्यावाचून मितींची संख्या सांगता येत नाही.

मिती म्हणजे एखादी गोष्ट नेमकी सांगायला लागणाऱ्या स्वतंत्र आकड्यांची संख्या. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून धारेने राजगडाच्या संजीवनी माचीकडे निघालेला माणूस कुठवर पोचला, हे सांगायला एक आकडा पुरे: धारेने किती चालला. तोच धार सोडून रानात शिरला तर दोन आकडे लागतात. तिसरा लागत नाही, कारण डोंगराच्या अंगावर जागा ठरली की उंची आपोआप ठरते. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीला मात्र तीन. आणि दोन माणसांना भेटायचे असेल तर गडावरच्या मेंगाईच्या देवळात म्हणून भागत नाही, कधी ते सांगावे लागते. म्हणजे चार.

आपल्या भाषेत हे चौथे आधीपासून आहे. जुन्या पत्रात, हुंडीत, जमाखर्चात ‘मिती’ म्हणजे तिथी. मिती चैत्र शुद्ध अमुक. भूमितीतली मिती आणि पंचांगातली मिती एकाच ‘मोजणे’ या धातूतून आल्या. हर्मन मिन्कोव्स्की या गणितज्ञाने १९०८ मध्ये स्थळ आणि काळ यांचे एकच चौमितीय विणकाम मांडले, तेव्हा जर्मन श्रोत्यांना तो मोठा धक्का होता. मराठी शिक्षकाला हा एक शब्द उलगडून मुलांना त्या कल्पनेच्या उंबरठ्यापर्यंत नेता येईल. मला हे फार मोलाचे वाटते, कारण आपण बहुतेक वेळा विज्ञानाचे शब्द मुलांच्या तोंडी देतो आणि अर्थ बाहेरच ठेवतो.

आता मोजणीला साखळी नसते, रोव्हर येतो. बांधावर रोवलेल्या त्या दांड्याला आकाशातले किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तीन का पुरत नाहीत? कारण अज्ञाते चार आहेत: दोन आडव्या दिशा, उंची आणि रोव्हरच्या घड्याळातली चूक. वेल्ह्याच्या बांधावर उभा असलेला तो दांडा चार मितींचे गणित सोडवत असतो, आणि त्यात आइन्स्टाइनही असतो. जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे सुमारे ७ मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक जातो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. तोरण्याच्या १,४०३ मीटर उंचीवर ठेवलेले घड्याळसुद्धा समुद्रसपाटीवरच्या घड्याळापेक्षा वर्षाला सुमारे ५ मायक्रोसेकंद पुढे जाते. एवढा फरक आजची अणुघड्याळे सहज ओळखतात.

आणि मग या चार आकड्यांतले दोन सातबाऱ्यापर्यंत पोचताना गळून जातात. काळाचे समजू शकते. उंची गळते ते मात्र मनाला लागते. ३० जुलै २०१४ रोजी याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. वेल्हे आणि भोर हे तसेच चढउतारांचे, तसेच पावसाचे तालुके. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, पण डोंगर तेच आहेत. घर बांधायची जागा दोन मितींत पाच गुंठे असली तरी तिच्या मागे कडा किती अंशांत उभा आहे, हा प्रश्न दोन मितींत विचारताच येत नाही. उपकरण उंची मोजतेच आहे. ती लिहून ठेवायला एक रकाना लागेल, आणि तो रकाना असावा अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

गणिताकडे वळतो. तिथे मिती ठरवणारा माणूस असतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०) क्षेत्रव्यवहार वेगळा आणि खातव्यवहार वेगळा. शेत मोजायला लांबी-रुंदी, खड्डा मोजायला त्यांच्या जोडीला खोली. ओबडधोबड खड्ड्याची रुंदी अनेक ठिकाणी मोजून सरासरी काढा, लांबी आणि खोलीचेही तसेच, मग गुणाकार करा, असा तिथला सरळ व्यवहारी नियम. मितीची सर्वांत चांगली ओळखही याच व्यवहारात आहे. गुंठ्याची बाजू दुप्पट केली की जमीन चौपट होते. शेततळ्याच्या तिन्ही बाजू दुप्पट केल्या की पाणी आठपट होते. दोनाचा वर्ग, दोनाचा घन: वर चढलेला तो घातांक म्हणजेच मिती.

एकदा घातांक म्हटले की तो पूर्णांकच का असावा? केळदच्या मढे घाटातून खाली पाहिले की कोकण दिसू लागते, आणि कोकणच्या किनाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीत सुमारे ६५३ किलोमीटर होता. केंद्र सरकारने अलीकडे जास्त बारीक नकाशांवरून पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे ८७८ किलोमीटर भरला. सगळ्या देशाचा ७,५१६ वरून ११,०९८ वर गेला. समुद्र पुढे आला नाही की जमीन वाढली नाही. मोजपट्टी बारीक झाली, त्यामुळे पूर्वी ओलांडून गेलेल्या खाड्या, दांडे आणि वळणे आता मोजणीत आली. आणखी बारीक पट्टी घेतली तर आकडा आणखी वाढेल. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न विचारला आणि पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५ असल्याचे मांडले: रेषेपेक्षा जास्त, पृष्ठभागापेक्षा कमी. तोरण्याचा कडाही असाच असणार. मला विचाराल तर हा प्रयोग वेल्ह्याच्या शाळेत करून पाहण्याजोगा आहे. मोठ्या नकाशावर कड्याची कडा काढा, दहा सेंटीमीटरच्या काडीने मोजा, पाचच्या, मग दोनच्या, आणि आकडा कसा वाढत जातो ते मुलांना स्वतः लिहू द्या.

मितीची कल्पना सहज हाती लागली असे मात्र नाही. १८७७ मध्ये गेओर्ग कँटर यांना आढळले की रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला चौकोनातला एकेक बिंदू जोडता येतो, एकही न उरता. मग रेषा एकमितीय आणि चौकोन द्विमितीय हे म्हणणे टिकणार कसे? स्वतःच सिद्ध केलेली ही गोष्ट दिसते पण पटत नाही, असे त्यांनी आपले गणितज्ञ मित्र डेडेकिंड यांना कळवले. शेजारचे बिंदू शेजारीच राहायला हवेत अशी अट घातली की मात्र अशी एकास एक जोडणी अशक्य आहे, हे ब्राउवर यांनी १९११ मध्ये दाखवले. शेजार राखणे ही अट महत्त्वाची. बांधावरच्या भांडणातही शेवटी प्रश्न तोच असतो.

मितीमितीचा स्वभाव वेगळा असतो, ही गणितातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. तोफगोळे किंवा संत्री कमीत कमी जागेत कशी रचावीत? बाजारातला फळवाला रचतो तशीच, असे केप्लर यांनी १६११ मध्ये म्हटले, आणि ते सिद्ध व्हायला थॉमस हेल्स यांच्यापर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली. २०१६ मध्ये मरीना व्याझोव्स्का यांनी आठ मितींतली सर्वोत्तम रास सिद्ध केली आणि लगोलग सहकाऱ्यांसह चोवीस मितींतली. मधल्या चार मितींचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. चार ही संख्या आणखी एका ठिकाणी येते, आणि तिथे ती एकटी पडते. चार मितींच्या अवकाशाला गुळगुळीतपणाच्या अगणित वेगवेगळ्या रचना देता येतात, बाकी कोणत्याही मितीच्या अवकाशाला एकच. हे १९८० च्या दशकात कळले. आपण ज्या विश्वात राहतो त्याच्या मितीही काळ धरून चारच, हा योगायोग आहे की काही खोल कारण, याचा विचार करताना मला अजून गुंगून जायला होते.

पण आठ किंवा चोवीस मिती ‘आहेत’ का? गणितात आहेत. जितके स्वतंत्र आकडे, तितक्या मिती. सहा विषयांचे गुण म्हणजे सहा मितींतला एक बिंदू. त्यासाठी कुठल्या अदृश्य लोकात जावे लागत नाही.

भौतिकीत गोष्ट वेगळी आहे. तिथे निसर्गाला विचारावे लागते आणि तो उत्तर देतो. राजगडावर मशाल पेटवली तर तोरण्यावरून ती किती उजळ दिसेल? अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, कारण तो वाढत्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि तो पृष्ठभाग अंतराच्या वर्गाने वाढतो. अवकाशाच्या मिती चार असत्या तर उजेड आठपटीने कमी झाला असता. गुरुत्वाकर्षणाचेही तेच. पॉल एरेनफेस्ट यांनी १९१७ मध्ये हा धागा शेवटपर्यंत नेला. अवकाश चार मितींचे असते तर ग्रहांच्या कक्षा स्थिर राहिल्या नसत्या: जरा धक्का बसला की ग्रह सूर्यात कोसळला असता किंवा कायमचा दूर गेला असता. आणि अवकाश दोनच मितींचे असते तर माचीवरून मारलेली हाक नेमकी येऊन थांबली नसती, मागे रेंगाळत राहिली असती. खोऱ्यातून येणारी हाक स्वच्छ ऐकू येते, कारण अवकाश तीन मितींचे आहे.

हे तपासायचे नवे साधन आता मिळाले आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयाची गुरुत्वलहर पृथ्वीवर नोंदली गेली, आणि १.७ सेकंदांनी त्याच घटनेचा गॅमा प्रकाशही. लहर जादा मितींत पाझरत असती तर इथवर येताना ती अपेक्षेपेक्षा क्षीण झाली असती. लहरीवरून काढलेले अंतर आणि त्या दीर्घिकेचे अंतर ताडून पाहिले तेव्हा असा पाझर आढळला नाही. अशाच लहरींसाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. विश्वाला मिती किती, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मराठवाड्याच्या जमिनीवरून मिळू शकेल.

मराठी माणसे या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी आहेत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत लिहिली. त्यातून उभ्या राहिलेल्या लूप क्वांटम गुरुत्वाकर्षणाला जादा मितींची गरज पडत नाही, चारांत भागते. गडहिंग्लजला १९६३ मध्ये जन्मलेले अतीश दाभोलकर हे स्ट्रिंग सिद्धांताचे अभ्यासक, ट्रिएस्ते इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे २०१९ पासूनचे संचालक. स्ट्रिंग सिद्धांताला दहा मिती लागतात, त्याच्या व्यापक रूपाला अकरा, आणि सर्वांत जुन्या रूपाला सव्वीस. हे आकडे कुणी निरीक्षणातून काढलेले नाहीत. त्याहून वेगळी संख्या घेतली तर सिद्धांताचे गणित स्वतःशीच विसंगत होते, म्हणून ते आले. अतीश यांचे वडील श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे शिक्षक आणि ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. पाने किती ऊन पकडतात यावर त्यांनी शेतीचा हिशेब मांडला, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब जगू शकते असे सांगितले. जमीन दोन मितींची, पण झाड उन्हाला थरांवर थर धरते, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान केंद्राचे माजी संचालक नरेश दधीच यांनीही जास्त मितींतल्या गुरुत्वाकर्षणावर वर्षानुवर्षे काम केले. आइन्स्टाइनच्या समीकरणांत स्थळ-काळ मिळून तीनच मिती घेतल्या तर रिकाम्या अवकाशात गुरुत्वाकर्षणाला वावच उरत नाही. मोकळेपणी प्रवास करायला त्याला किमान चार लागतात.

अष्टेकर आणि अतीश दाभोलकर यांच्या वाटा वेगळ्या आहेत. कोणती खरी ते प्रयोगाने ठरलेले नाही, आणि दोघेही ते जाणून काम करतात. माझी तक्रार मधल्या माणसांविषयी आहे. व्यासपीठावरून, चित्रफितींतून ‘विज्ञानाने अकरा मिती शोधल्या’ असे बेधडक सांगितले जाते, आणि पुढच्याच वाक्यात चौदा भुवने, सूक्ष्मदेह, वरच्या मितीतले आत्मे येतात. हा विज्ञानाचा अपमान आहे आणि श्रद्धेचाही. कागदावर सुसंगत असणे आणि जगात सापडणे यांतले अंतर पुसून टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिले, त्यात मराठे पानिपत जिंकतात असे दुसरे जग आहे. वाचकाने त्याचा मनसोक्त आनंद घेतला, पण ती कथा आहे हे नारळीकरांनी कधी लपवले नाही. त्यांनी विज्ञानलेखही मराठीत लिहिले, आणि कथा कुठली व लेख कुठला याबद्दल वाचकाला कधी शंका पडली नाही. ती शिस्त आपण सोडता कामा नये. ते २० मे २०२५ रोजी गेले, आणि ही जबाबदारी आता आपल्या सगळ्यांवर आली आहे.

जादा मिती नाहीतच असेही कुणी म्हणू नये. कालुझा यांनी १९२१ मध्ये पाचवी मिती मांडली, क्लाइन यांनी १९२६ मध्ये ती गुंडाळलेली आणि अतिसूक्ष्म असू शकेल असे सुचवले. लांबून तार रेषेसारखी दिसते, तिच्यावरून चालणाऱ्या मुंगीला मात्र तारेभोवती फिरताही येते, तसे. काही जादा मिती मिलिमीटरच्या आसपासही असू शकतील, ही कल्पना १९९८ मध्ये पुढे आली. मिती तेवढी मोठी असेल तर तिच्या आकारापेक्षा कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण वर्गाच्या नियमाने न वागता अधिक वेगाने वाढेल, आणि ते मोजता येईल. सिएटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने बारीक तारेला टांगलेल्या तबकडीचा पीळ मोजून ५२ मायक्रोमीटरपर्यंत हे तपासले. निकाल २०२० मध्ये आला: केसाच्या जाडीहूनही कमी त्या अंतरावर न्यूटनचा जुना नियम जशाचा तसा लागू पडतो. त्याच्याही खाली तितक्याच नेमकेपणाने जायला अधिक शांत तबकडी आणि अधिक बारीक तार लागेल, आणि तिची तयारी चालू आहे.